जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप बदलताय? घेण्याआधी हे बघा

आमच्याकडे गोव्यात डिचोलीला १९९६ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, बाबांनी घेतलेली, आणि अजून रोज चालते. दोन वर्षांपूर्वी साखळी-केरी करून चोर्ला घाटातून बेळगावला लग्नाला चाललो होतो, आई मागच्या सीटवर, डिकीत आहेराच्या पिशव्या. घाट सुरू झाला आणि थोड्या वेळात गाडी खेचेनाशी झाली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अजूनच मरगळते आणि मग बंदच. दहा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला, चालू! परत दोन वळणं, परत बंद. असं करत करत कसेबसे वर पोचलो आणि वर सपाट रस्ता लागल्यावर गाडीला जणू काही झालंच नव्हतं.

घरी आल्यावर गॅरेज सुरू. आधी कार्बोरेटर खोलला, किट बदललं. मग कॉइल. मग पेट्रोल पंप नवा. प्रत्येक वेळी मी विचारायचो की पाइप एकदा बघूया का, आणि उत्तर ठरलेलं, "पायप बरो आसा मरे". आणि दिसायला तो खरंच बरा होता, काळाभोर, चकाकता, कुठे चीर नाही, गळती नाही, वास नाही. शेवटी मीच टाकीकडून पंपाकडे येणारा तुकडा काढला आणि ब्लेडने उभा चिरला. आतला पातळ थर सुटून जिभेसारखा लोंबत होता आणि बाकीचं रबर आतून इतकं मऊ झालेलं की नखाने खरवडलं की शाईसारखं काळं बोटाला लागायचं. घाटात इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, पंप जोरात ओढतो, ओढला की मऊ पाइप आतून चपटा होतो आणि ती जीभ भोकावर जाऊन बसते. इंजिन बंद केलं की ओढ संपते, पाइप परत गोल होतो, म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालू. आणि हा पाइप काही गाडीसोबत आलेला नव्हता, तीन वर्षांपूर्वी मीच एका दुकानातून "पेट्रोल पाइप द्या" म्हणून मीटरवर कापून आणलेला.

तेव्हापासून या विषयात मी बरंच डोकं घातलंय, आणि ज्यांच्याकडे जुनी ८००, जिप्सी, पद्मिनी, बुलेट, येझदी, चेतक असं काही आहे त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. पाइप बाहेरून बघून घेऊ नका, त्याच्यावर काय छापलंय ते वाचून घ्या. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी जुने पाइप आत्ताच का जायला लागले ते बघू. पेट्रोलमधलं इथेनॉल. २०२३ च्या फेब्रुवारीत ई२० विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत देशभर वीस टक्क्यांवर आलो, म्हणजे आता पंपावर नॉर्मल पेट्रोल म्हणून जे भरता त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल आहे. जुन्या गाड्यांचे पाइप नायट्राइल रबरचे, म्हणजे एनबीआर. साध्या पेट्रोलला हे रबर छान टिकतं, वर्षानुवर्षं टिकायचं. पण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल रबरमध्ये जास्त शिरतं, रबर फुगतं, मऊ होतं, आणि रबर लवचिक राहावं म्हणून कारखान्यात जे तेलासारखं प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं ते हळूहळू धुऊन बाहेर नेतं. गंमत अशी की नुसतं पेट्रोल किंवा नुसतं इथेनॉल यांच्यापेक्षा दोघांचं मिश्रण नायट्राइलला जास्त त्रास देतं. ओला आहे तोवर पाइप फुगलेला, आणि गाडी उभी राहिली, पाइप सुकला की तोच आक्रसतो, कडक होतो आणि चिरतो.

आपल्याकडे हे दुसरं जास्त बघायला मिळतं. कितीतरी घरांत मालक शिपवर नोकरीला, सहा-आठ महिने गाडी शेडमध्ये उभी, घरचे आठवड्याला एकदा चालू करतात किंवा तेही नाही. मालक येतो, टाकी भरतो, आणि पहिल्याच दिवशी बॉनेटखाली वास. लोक म्हणतात पेट्रोल खराब. पेट्रोलही खराब झालेलं असू शकतं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपला पावसाळा म्हणजे चार महिने ओली हवाच, पण त्याआधी पाइपकडे बघा.

आता छपाई. चांगल्या पाइपवर लांबीभर इंग्रजीत ओळ छापलेली असते, त्यात शोधायचं एसएई जे३० आणि त्याच्यापुढे आर आणि आकडा. हे अमेरिकन ऑटोमोबाइल इंजिनिअर लोकांचं मानक आहे पण जगभर चालतं. आर६ आणि आर७ म्हणजे कमी प्रेशरचे, कार्बोरेटरच्या काळातले, आर७ साधारण ५० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) पर्यंत. आर९ म्हणजे इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी प्रेशरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांसाठी, १०० पीएसआय चा, आणि महत्त्वाचं म्हणजे याच्या आत फ्लोरोइलॅस्टोमरचा, म्हणजे एफकेएमचा थर असतो, दुकानात सगळे त्याला व्हायटॉन म्हणतात. तो थर इथेनॉलला दाद देत नाही आणि पेट्रोलची वाफसुद्धा फार कमी बाहेर सोडतो. आर१४ पण दिसेल, तो वाफ कमी सोडण्यासाठी बनवलेला. आणि आर१० हा पूर्ण वेगळा, टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी, त्याचं पुढे सांगतो.

आता कोणीतरी म्हणेल कार्बोरेटरच्या गाडीला १०० पीएसआय चा पाइप कशाला, मेकॅनिकल पंपाचं प्रेशर तीन-चार पीएसआय. बरोबर आहे, प्रेशरसाठी नकोच आहे. आपल्याला तो आतल्या थरासाठी हवाय. मी ८०० ला पूर्ण आर९ टाकला, मीटरमागे साध्या पाइपपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले, पण सगळी गाडी मिळून पाइप लागतो किती, थोडेसेच मीटर! जो खर्च मी किट, कॉइल आणि पंपावर केला त्याच्या पुढे हे काहीच नाही. एकच अडचण, आर९ जाड आणि थोडा ताठ असतो, छोट्या वळणाला मुडपतो, म्हणून वळण असेल तिथे एक-दोन इंच जास्त लांबी धरा म्हणजे गोल वळण बसेल, किंवा गाडीचा ओरिजिनल साच्यातला वळलेला पाइप मिळाला तर तोच घ्या.

इंजेक्शनवाल्या गाड्या, म्हणजे २००० नंतरच्या एमपीएफआय ८००, झेन वगैरे, तिथे लाइनमध्ये तीन बारच्या आसपास प्रेशर असतं, म्हणजे चाळीसच्या वर पीएसआय. तिथे आर९ च्या खाली काही लावायचंच नाही, आणि कार्बोरेटरचा उरलेला तुकडा "तात्पुरता" म्हणून तर अजिबात नाही. तो फुटला तर थेंब गळत नाही, फवारा उडतो, आणि उडतो तो गरम एक्झॉस्टवर.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो, कारण दुकानात हातात हेच येतं. रेडिएटर किंवा हीटरचा पाइप ईपीडीएम रबरचा असतो, पाण्याला उत्तम, पेट्रोलमध्ये काही दिवसांत फुगून लिबलिबीत. सिलिकॉनचे निळे-लाल पाइप दिसायला मस्त, पेट्रोलला बाद, फुगतात आणि वाफ आरपार जाऊ देतात. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बाइकवाल्यांना फार आवडते, आतलं पेट्रोल दिसतं म्हणून, पण पीव्हीसी असेल तर वर्षभरात पिवळी आणि काचेसारखी कडक होते, आणि मग टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या तोंडावरून हाताने हलवली तरी निघते. आणि ज्या पाइपवर काहीच छापलेलं नाही, दुकानदार कितीही म्हणो "एक नंबर माल आहे, सगळे हाच नेतात", तो ठेवून द्यायचा.

छपाईत अजून एक गोष्ट शोधा, तयार केल्याची तारीख, बऱ्याच पाइपवर महिना-वर्ष किंवा तिमाही असते. रबर दुकानात पण म्हातारं होतं. आपल्याकडे दुकानदार पाइपची वेटोळी दारातच खिळ्याला टांगतात, वर्षानुवर्षं ऊन खातात. मी तरी टांगलेल्यातला घेत नाही, आतल्या रॅकवरचा, पिशवीतला किंवा खोक्यातला मागतो. तुकडा हातात घ्या, वाकवा, आणि वाकलेल्या जागेची बाहेरची बाजू उजेडात बघा, बारीक बारीक चिरा दिसल्या की हवेतल्या ओझोनने खाल्लेला. कापलेलं तोंड पण बघा, तीन थर वेगळे दिसायला हवेत, आत गुळगुळीत थर, मध्ये धाग्याची वीण, बाहेर काळं कव्हर. आर९ मध्ये आतला पातळ थर बऱ्याचदा वेगळ्या छटेचा असतो, नीट बघितला तर कळतो. नुसतं एकसंध काळं रबर असेल, धागाच नसेल, तर तो टाकी आणि पंपाच्या मध्ये लावूच नका, ओढीने चपटा होणार तो हाच.

शंका असेल तर मी घरी हे करतो. दोन इंचाचा तुकडा कापतो, व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायची सरकपट्टी) मापून आकडे लिहून ठेवतो, आणि झाकण असलेल्या काचेच्या बाटलीत पंपावरच्याच पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवतो. घराबाहेर, सावलीत, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, मुलांच्या हाताला लागणार नाही असं, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून. आठवड्याने काढून पुसायचा. बाहेरचं कव्हर थोडं फुगणारच, ते पेट्रोलमध्ये बुडवायला बनवलेलं नसतं, त्यावर निकाल देऊ नका. आतला थर बघा, नख लावून खरवडा. काळं येतंय का, सुटतोय का, भोक लहान झालंय का. मग दोन दिवस तसाच सुकू द्या आणि परत वाकवा. कडक झाला किंवा चिरला तर दुकानात परत. पेट्रोलचा रंग गडद काळा झाला असेल तर तेही लक्षण आहे, रबरमधलं काहीतरी धुऊन निघालंय.

मापाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. पाइपचं माप म्हणजे आतल्या भोकाचं माप. दुकानात अर्धे इंचात बोलतात अर्धे एमएममध्ये, पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम, पाच-सोळांश म्हणजे जवळजवळ ८ एमएम, तीन-अष्टमांश म्हणजे साडेनऊ. ६ एमएमच्या धातूच्या तोंडावर पाव इंची पाइप बसतो खरा, पण सैल बसतो, आणि मग माणूस क्लिप आवळत सुटतो. जुना फुगलेला पाइप मापून नवीन घेऊ नका, धातूच्या नळीचं तोंड मापा. व्हर्नियर नसेल तर ड्रिलची बिट घेऊन दुकानात जा, ६ ची बिट दांड्याच्या बाजूने पाइपमध्ये टाकायची, घट्ट बसली की ६ चाच पाइप. आणि ८०० ला पेट्रोल नेणारी, परत आणणारी आणि वाफेची अशा वेगवेगळ्या लाइन असतात, सगळ्यांचं माप एकच असेल असं धरू नका, प्रत्येक तोंड वेगळं मापून कागदावर लिहून न्या. वाफेचा पाइप लोक सोडून देतात, "त्यात पेट्रोल कुठे असतं" म्हणून. वाफ जास्त धोक्याची आहे, आग वाफेलाच लागते.

टाकीच्या तोंडापासून टाकीत जाणारा तो जाडा पाइप, पेट्रोल भरताना वास आला किंवा फुल टाकी केल्यावर मागच्या चाकाजवळ ओलं दिसलं तर तो गेला. तिथे बाजारातला कुठलाही जाडा पाइप कापून लावतात, बऱ्याचदा रेडिएटरचाच, ते करू नका, फिलर नेकचाच पाइप मागवा. आणि टाकीच्या आत पंप असेल आणि त्याचा छोटा तुकडा बदलायचा असेल तर तिथे आर१० च. आर९ आतून पेट्रोलला टिकतो पण बाहेरून नाही, आणि टाकीत तो बाहेरून पण भिजणार.

दुचाकीचं थोडक्यात. बुलेट, येझदी, चेतक, पेट्रोल वरून खाली आपोआप येतं, प्रेशर जवळजवळ नाहीच, त्यामुळे मऊ, लवचिक पण इथेनॉलला चालणारा पाइप हवा, जाड आर९ तिथे वळताना मुडपतो. लांबी मात्र बरोबर ठेवा, स्कूटरला पाइप लांब झाला की मध्ये उंच वेटोळं होतं, त्यात हवा अडकते आणि पेट्रोल यायचं थांबतं, मग लोक कॉक साफ करत बसतात.

डिझेलवाल्यांना, म्हणजे जुन्या महिंद्रा जीपवाल्यांना एवढंच सांगीन की सकाळी गाडी उशिरा चालू होत असेल तर इंजेक्टरवरून परत जाणारे ते बारीक सुती विणीचे पाइप आधी बदला, स्वस्त आहेत. ओढणाऱ्या बाजूला चीर असली की डिझेल गळत नाही, हवा आत जाते. पेट्रोलच्या गाडीत पण हेच, टाकी ते पंप या भागात चीर पडली तर वास नाही, डाग नाही, फक्त गाडी कधी चालते कधी नाही. म्हणून "गळत नाहीये ना, मग ठीक आहे" हे तिथे लागू होत नाही.

क्लिपवर कंजुषी करू नका. साधी खाचा असलेली क्लिप आवळली की त्या खाचांतून रबर बाहेर येतं आणि कापलं जातं. इंजेक्शनसाठीच्या क्लिप येतात, पट्टी सलग, कडा बाहेर वळवलेल्या, एक नट-बोल्ट, त्या घ्या. आणि पूर्ण स्टेनलेसच्या, स्क्रूसकट. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू लोखंडी अशा खूप मिळतात, लोहचुंबक लावून बघा, स्क्रूला जोरात चिकटला तर ठेवून द्या. कळंगुट, मोरजी, बेतूल अशा समुद्राकडच्या गावात लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजून बसतो आणि पुढच्या वेळी पान्याने डोकंच तुटतं.

बसवताना. इंजिन थंड, गाडी उघड्यावर, बॅटरीची मायनस वायर काढलेली, आसपास बिडी-सिगारेट नाही, मोबाइल चार्जर नाही, आणि हाताशी पावडरचा एबीसी अग्निशामक, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारत नाहीत. इंजेक्शनची गाडी असेल तर आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा आणि आपोआप बंद होऊ द्या, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, तरी तोंड सोडवताना फडका गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा. पाइप कापायला नवं ब्लेड, सरळ काप, हॅक्सॉने कापला की रबराचा भुसा आत जातो आणि थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये. धातूच्या तोंडावर जुन्या रबराखाली गंज धरलेला असतो, हे जवळजवळ प्रत्येक गाडीत बघितलंय, बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पण कण आत जाऊ देऊ नका, आणि खड्डे पडले असतील तर धातूची नळीच बदला, नवा पाइप तिथे टिकणार नाही. पाइप तोंडावरच्या फुगवट्याच्या पुढे नीट ढकला, साधारण एक इंच, आणि क्लिप त्या फुगवट्याच्या मागे यायला हवी, वर नाही. सिलिकॉन, एम-सील, शेलॅक काही लावू नका, घट्ट जात असेल तर आत इंजिन ऑइलचा एक थेंब. एक्झॉस्टपासून लांब, फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब, आणि पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून त्यावर चढवा.

आणि सगळे तुकडे एकदम बदला. एकच गळका बदलला तर बाकीचे त्याच वयाचे असतात, त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात. फिल्टर पण त्याच वेळी बदला, आणि शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर परत उघडून बघा, जुन्या पाइपचा काळा गाळ लाइनमध्ये साचलेला असतो तो सगळा त्यात येतो, माझ्या फिल्टरमध्ये कॉफीच्या चोथ्यासारखा आलेला.

झालं की चालू करायच्या आधी बॅटरी जोडून, सेल्फ थोडा थोडा मारून पेट्रोल वर येऊ द्या आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद धरा, ओला डाग लगेच दिसतो. मग पाच मिनिटं चालू ठेवून परत कागद. आठवड्याने क्लिप एकदा तपासा, नवं रबर दबून बसतं आणि पाव वळण घ्यावं लागतं, त्याहून जास्त आवळू नका. हे सगळं मे महिन्यात उरकलेलं बरं, जूनमध्ये चिखलात गाडीखाली झोपून टाकीकडचे जोड धड दिसत पण नाहीत. चवथीच्या आधी एकदा टॉर्च घेऊन बघायचं ते उंदरांसाठी, पावसात ते कोरड्या जागेला म्हणून बॉनेटखाली येतात आणि पाइप कुरतडतात, कुरतडलेला पाइप टेप गुंडाळून चालवायचा नाही. मी प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या पेंट मार्करने महिना-वर्ष लिहून ठेवलंय, आणि उरलेला हातभर पाइप दोन क्लिपसकट पिशवीत गुंडाळून डॅशच्या खणात असतो, घाटात लागला तर.